ओढ वेगळी, स्फूर्ती वेगळी

‘तुम्ही याकडे कसे वळलात?’ असं कुणाही फोटोग्राफरला विचारलं की एखादा प्रसंग ऐकायला मिळतो. कुणीतरी हातात दिलेला कॅमेरा, कुठेतरी पाहिलेला फोटो, डार्करूममधल्या लाल उजेडात कागदावर हळूहळू उमटत गेलेलं चित्र. ऐकणाऱ्याला वाटतं, ओढ लागली ती अशी. मला मात्र हे प्रसंग बहुतेक वेळा स्फूर्तीचे वाटतात. ओढ त्याच्या आधीपासून आत असते किंवा पुष्कळ नंतर लक्षात येते, आणि तिची तारीख सांगता येत नाही.

फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचंच बघा. मार्टिन मुंकाची या फोटोग्राफरचा एक फोटो त्याच्या पाहण्यात आला. आफ्रिकेतल्या एका किनाऱ्यावर लाटांत धावत शिरणारी तीन मुलं, पाठमोरी, पांढऱ्या फेसावर काळ्याभोर आकृत्या. आपल्यात ठिणगी पडली ती या फोटोमुळे, हे त्याने उतारवयातही सांगितलं. १९३२ मध्ये त्याने लायका हा छोटा कॅमेरा घेतला आणि तो घेऊन रस्तोरस्ती फिरू लागला. ही स्फूर्ती. पण त्याआधी तो आंद्रे ल्होत या चित्रकाराकडे शिकला होता. चौकटीत रेषा आणि आकार कसे बसतात, याचे धडे तिथले. त्याच्या फोटोंत जिन्याचं वळण, कठड्याची रेषा आणि त्यांच्यामध्ये नेमक्या जागी आलेला माणूस दिसतो, ती त्याची खरी ओढ. १९७० नंतरच्या काळात त्याने कॅमेरा जवळजवळ बाजूला ठेवला आणि पुन्हा चित्रं काढू लागला. त्याने छंद सोडला असं मी म्हणणार नाही. हातातलं साधन तेवढं बदललं.

व्हिवियन मायर या अमेरिकन फोटोग्राफरकडे तर सांगायला असा प्रसंगही नाही, निदान तिने तो कुणाला सांगून ठेवलेला नाही. शिकागोत दुसऱ्यांची मुलं सांभाळता सांभाळता तिने एक लाखाहून जास्त फोटो काढले. २००७ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला म्हणून ते बाहेर आले. २००९ मध्ये ती गेली. कितीतरी रोल धुतलेच नव्हते, म्हणजे त्यातले फोटो तिने स्वतःसुद्धा पाहिले नव्हते. वाहवा नाही, पैसा नाही, हातात प्रिंटही नाही, तरी बाहेर पडायचं आणि शटर दाबायचं. ओढ म्हणजे काय, हे मला इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

दोन्ही एकाच फोटोत बघायच्या असतील तर एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरची ढोबळी मिरची बघा. तो मिरच्यांचे फोटो काढतच होता, पण साध्या पार्श्वभूमीवर मनासारखं जमेना. ऑगस्ट १९३० मध्ये त्याने एक मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या उतारावरून फिरून आलेला उजेड मिरचीच्या वळणावळणांवर पसरला, मागे काळोख राहिला, आणि भाजी पाठ वाकवून बसलेल्या माणसासारखी दिसू लागली. नरसाळं सुचलं ती स्फूर्ती. त्याआधीच्या मिरच्या, त्याच्याही आधीचे शंख-शिंपले, हे सगळं ओढीचं. तो मिरचीपाशी परत परत गेलाच नसता, तर नरसाळं समोर असून त्याच्या काय कामाचं होतं?

या दोन्हींत गल्लत झाली की नुकसान होतं, म्हणून एवढं सांगतोय. मध्यंतरी कित्येक महिने मला काही सुचत नव्हतं. कॅमेरा बॅगेतून निघेना. आपली आवड संपली असं मी धरून चाललो आणि कॅमेरा विकायला काढला. त्याआधी हार्ड डिस्क रिकामी करावी म्हणून जुने फोटो चाळायला बसलो. लग्नातले, प्रवासातले, रस्त्यावरचे. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये, कुणी सांगितलेलं नसताना मी टिपलेली, वाट पाहणारी माणसं निघाली. नवरी येईपर्यंत ताटकळलेला फुलवाला. दवाखान्याच्या बाकावरची एक बाई, पिशवीचा बंद मनगटाला दोनदा गुंडाळलेला, एका चपलेतून टाच बाहेर. तो फोटो का काढला होता ते मला आठवत नव्हतं. आटली होती ती स्फूर्ती. ओढ जागच्या जागी होती.

स्फूर्ती आटली तर बाहेरून काही आणता येतं. दुसऱ्याचं काम नीट बघा, एकच लेन्स लावून आठवडाभर फिरा, रोज दुपारी जात असाल तर पहाटे जा. लांब जावंच लागतं असंही नाही. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या योसेफ सुदेक या चेक फोटोग्राफरने १९४० पासून १९५४ पर्यंत प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. काच तीच, कधी दवाने भरलेली, कधी गोठलेली, आणि पलीकडे तेच वाकडं झाड.

ओढ कशाची आहे हेच कळत नसेल, तर मात्र नवा कॅमेरा किंवा कार्यशाळा फारशी उपयोगी पडत नाही. तिथे आपलेच जुने फोटो काढून बसावं लागतं. चांगले म्हणून निवडलेले नकोत, सगळे. हुकलेले, हललेले, कुणाला न दाखवलेलेसुद्धा. त्यांत काय पुन्हा पुन्हा येतंय ते बघायचं.

कॅमेरा मी विकला नाही. बाकावरच्या बाईचा तो फोटो मोठा करून टेबलासमोर लावलाय.