बुहफाई थाम (मूठभर तांदूळ)

मिझोराममधील ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ चर्चसाठी बाजूला ठेवण्याची प्रथा. मिझो भाषेत ‘बुहफाई’ म्हणजे तांदूळ, ‘थाम’ म्हणजे मूठ. प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट या दोन्ही मोठ्या मंडळ्यांत (चर्च-संघटनांत) ती चालते आणि तिची सूत्रे बायकांच्याच हाती असतात.

लॉरेन व सॅव्हिज हे मिशनरी १८९४ साली लुशाई टेकड्यांत, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये, आले. १८९७ पासून वेल्श मिशनचे काम सुरू झाले. रोख पैसा तेव्हा मोजक्याच घरांत असे, झूम (फिरत्या) शेतीचे भात मात्र घरोघर असे. मुठीची प्रथा १९१० च्या सुमारास रुजू लागली. त्याच्या आगेमागेच, १९११-१२ मध्ये, मौताम दुष्काळ पडला: बांबू फुलतो, उंदीर माजतात आणि उभे पीक जाते. प्रथा त्यातूनही तगली. १९६६ च्या मिझो बंडानंतर काही वर्षांत परदेशी मिशनरी निघून गेले, तेव्हा मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहू शकली त्यात या मुठीचाही वाटा होता.

कृती सोपी, पण क्रम महत्त्वाचा. आधी घरातल्या माणसांच्या बेताने तांदूळ मापायचे. मग धुण्यापूर्वी त्याच मापातून मूठ काढून चुलीजवळच्या वेगळ्या, झाकणाच्या डब्यात टाकायची. पोत्यातून जादा मूठ घेतली तर ताटात काहीच कमी होत नाही आणि दान केवळ साठ्याला लागते. मूळ कल्पना घरच्यांनी तेवढा घास कमी खाण्याची आहे. सैल मुठीत साधारण ५० ग्रॅम तांदूळ मावतात असे धरले, तर दोन वेळच्या स्वयंपाकाचे आठवड्याला ७०० ग्रॅम आणि वर्षाला सुमारे ३६ किलो होतात. किलोला ४० रुपये भाव धरल्यास ही रक्कम दीड हजाराच्या आतच राहते. एका घराच्या मानाने किरकोळ. पण २०११ च्या जनगणनेत जवळपास अकरा लाख लोकसंख्या आणि ८७ टक्के ख्रिस्ती असलेल्या राज्यात ती किरकोळ राहत नाही. वस्तीतल्या बायका ठरल्या दिवशी दारोदार जाऊन डबे रिकामे करतात, तांदूळ एकत्र करून विकतात आणि पैसा मंडळीच्या खात्यात भरतात. तो सुवार्ताकार्याला, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराला, लागतो.

बायबलमधला आधार दोन ठिकाणी ठळक सापडतो. गणना १५ मध्ये मळलेल्या पिठाचा पहिला गोळा परमेश्वराला वाहायला सांगितले आहे. १ राजे १७ मधल्या सारफथच्या विधवेकडे मडक्यात मूठभरच पीठ उरलेले असते, तरी संदेष्टा एलीया आपली लहान भाकर आधी मागतो. दोन्हीकडे देणे जेवणाआधी येते. लूक १२ मधला धनवान उलट वागतो: पीक जास्त आले की तो कोठारे मोडून मोठी बांधायला निघतो. मालकीची ओढ बळावते ती साठवलेल्यापाशी, म्हणून साठवण होण्याआधीच हात घालणे ही या प्रथेतली खरी युक्ती म्हणावी लागेल.

बिघाड ठरावीक जागी होतात. रोजची मूठ विसरली की गोळा करायच्या दिवशी मगभर तांदूळ ओतून भरपाई केली जाते. वजन भरते, सवय मोडते. घरात बारीक तांदूळ शिजतो आणि डब्यात रेशनचा जाड किंवा कणी पडते. अनेक घरांचा माल मिसळल्याने भातही एकसारखा शिजत नाही, त्यामुळे बाजारभाव मिळणे कठीण. पावसाळ्यात दमट हवेने टोके लागतात. डबा दर खेपेला पुसून कोरडा केला नाही तर जुन्या दाण्यांतले किडे नव्यात जातात. वस्त्यांच्या आकड्यांची तुलना सुरू झाली की चढाओढ येते आणि मत्तय ६ मधली ‘उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये’ ही सूचना बाजूला पडते.

मुख्य मर्यादा मात्र मुठीच्या आकारातच आहे. मोलमजुराची आणि अधिकाऱ्याची मूठ सारखीच. गरिबाला यात कमीपणा वाटत नाही, हा तिचा मोठा गुण. पण पगार दसपट झाला तरी मूठ तेवढीच राहते, आणि गाडी-बंगल्याच्या हप्त्यांमागे धावणाऱ्याला ती फार स्वस्तात मोकळे करते. म्हणून मंडळी दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) वेगळा मागते आणि मूठ त्यात वळती धरत नाही.

महाराष्ट्रात भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड याच वळणाचा होता: दळणाआधी मूठभर धान्य वसतिगृहातल्या मुलांसाठी काढायचे. तिथे हेतू धार्मिक नव्हता आणि दोन्ही प्रथांचा एकमेकींशी संबंध नाही.

आता शहरांत कुटुंबे लहान झाली, एका वेळचे जेवण बाहेर होऊ लागले. अशी काही घरे तांदळाऐवजी अंदाजाने रोख देतात. हिशेब ठेवायला ते सोपे, पण रोख महिन्याअखेरीस, बाकीचे खर्च भागल्यावर, निघते.