दक्षिणेचं भांडण ‘राज्यांच्या हक्कां’चं होतं का?

अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं 1860-61 मध्ये फुटून निघाली ती राज्यांच्या हक्कांसाठी, म्हणजे केंद्राने राज्यांच्या कारभारात हात घालू नये म्हणून, गुलामगिरी हा दुय्यम मुद्दा होता, असं आजही ठासून सांगितलं जातं. हे खरं नाही.

1850 चा पळपुट्या गुलामांचा कायदाच बघा. उत्तरेत पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवण्याचा हा कायदा दक्षिणेने मागून घेतला, आणि त्यात केंद्राचा हात थेट उत्तरेच्या राज्यांत शिरला. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची सोय नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरला, म्हणजे केंद्राच्या अधिकाऱ्याला, माणूस मालकाकडे पाठवला तर 10 डॉलर, सोडला तर 5. पळालेल्याला आसरा देणाऱ्याला 1000 डॉलरपर्यंत दंड आणि 6 महिन्यांपर्यंत तुरुंग. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, तर 1859 मध्ये केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. इथे राज्याचा हक्क कोण मागत होतं? उत्तरेची राज्यं!

साउथ कॅरोलिनाने 24 डिसेंबर 1860 ला फुटण्याची कारणं जाहीर केली. उत्तरेची राज्यं आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत, न्यूयॉर्कमधून गुलाम सोबत नेऊही देत नाहीत, अशी त्यात उघड तक्रार आहे. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी वापरलेला हक्कच त्यांना खुपत होता.

1832 मध्ये याच राज्याने केंद्राची जकात (आयात मालावरचा कर) रद्दबातल ठरवली होती, हे खरं. पण 1814 मध्ये हार्टफर्ड शहरात जमलेले न्यू इंग्लंडवालेही, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतले लोकही, राज्यांच्या अधिकारांचीच भाषा बोलत होते. केंद्रात ज्याचं चालत नसे, तो ती बोले.