प्रोसेसर तापतो, पण किती वेळात?

नागपूरच्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत सुटे भाग आणून गेमिंग पीसी जोडला. दुसऱ्याच दिवशी फोन आला. "मामा, गेम सुरू केला की अडकतो. प्रोसेसर ९५ अंश दाखवतोय. मोठा कूलर मागवू का?"

मी विचारलं, "९५ पर्यंत जायला किती वेळ लागला?" ते त्याने पाहिलंच नव्हतं.

गेम अडकण्याचं कारण सरळ आहे. तापमानाची मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर पीसी धाडकन बंद पडतो. ही मर्यादा बहुतेक प्रोसेसरांत ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. पण नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ वरच मुक्काम ठोकतात, कारण ते बनवणाऱ्या एएमडी कंपनीने ते तसेच आखलेत.

म्हणून घड्याळ बघायचं. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरचा धातूचा ठोकळा, ही उष्णतेची टाकी समजा, आणि प्रोसेसरपासून तिथवरची उष्णतेची वाट हा नळ. चारशे ग्रॅम ॲल्युमिनियम एका अंशाने तापवायला सुमारे ३६० जूल लागतात. भाच्याचा प्रोसेसर ७० वॅट खातो, म्हणजे सेकंदाला ७० जूल. दहा सेकंदांत टाकी जेमतेम दोन अंशांनी तापेल. चांगल्या बसलेल्या कूलरखालीही प्रोसेसर पहिल्या क्षणी थोडी उडी मारतो, पण पुढची चढण सावकाश असते. भाच्याचा मात्र दहाव्या सेकंदाला ९५ वर होता. टाकी रिकामीच आणि नळ तुंबलेला! अशा वेळी मोठी टाकी आणून काय होणार?

"कूलर काढ," म्हटलं. काढण्याआधी पीसी थोडा वेळ चालू ठेवायला सांगितला, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट मऊ होते. शिवाय ओढायचं नाही, हलकं पिळायचं. नाहीतर काही बोर्डांवर प्रोसेसर पिनांसकट उपटून हातात येतो. कूलर सुटला आणि व्हिडिओ कॉलवर दिसली ती तळाला चिकटलेली पारदर्शक फिल्म. 'लावण्याआधी काढा' असं तिच्यावर छापलेलं होतं. पठ्ठ्याने पेस्ट तिच्यावरच लावली होती.

एवढ्याशा फिल्मने काय होतं? प्लास्टिकची उष्णतावाहकता ०.२ च्या आसपास, तांब्याची ४००. दहा चौरस सेंटिमीटरवर ०.१ मिलिमीटर प्लास्टिक असेल, तर ७० वॅट पलीकडे ढकलायला सुमारे ३५ अंशांचा फरक लागतो. पेस्टही काही धातूची बरोबरी करत नाही, फार तर ५ ते १०. तिचं काम धातूंमधल्या बारीक फटींतून हवा हुसकावणं, कारण हवेचा आकडा ०.०२६ आहे. म्हणून वाटाण्याएवढी पुरते. श्रीखंडासारखी थापायची नाही.

फिल्म गेली, पेस्ट नवी लागली. आता प्रोसेसर चटकन ६० ला जाई, मग वीस मिनिटांत हळूहळू ८६. ही वेगळी चढण, म्हणजे दुखणंही वेगळं. नळ मोकळा झाला होता, पण टाकीतून उष्णता बाहेर पडत नव्हती. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढली तरी फरक पडेना. मग कळलं की पीसी कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला लावून ठेवलाय. मागच्या फॅनने फेकलेली गरम हवा पुढचा फॅन पुन्हा आत ओढत होता. कूलर भोवतालच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. ही हवा १२ अंशांनी तापली, की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो.

पीसी टेबलावर आला, आकडा ७४ वर थांबला. खोली तेव्हा २९ अंशांवर होती. मे महिन्यात तीच खोली ३८ वर गेली आणि प्रोसेसर ८३ दाखवू लागला. या वेळी भाच्याने फोन केला नाही.