रातथारा की सारंगागार?

नदीकाठच्या झाडावर संध्याकाळी शंभरेक बगळे, पाणकावळे उतरले की पुलावरचं कुणीतरी हमखास म्हणतं, "बघा, बगळ्यांची घरटी!" बहुतेक वेळा तो नुसता रातथारा असतो, म्हणजे रात्रीपुरता मुक्काम. पाणपक्षी जमावाने वीण करतात ते झाड किंवा बेट म्हणजे सारंगागार.

ओळखायचं तर पावसाळ्यात भर दुपारी जा. रातथारा तेव्हा ओस पडलेला असतो. (रातबगळ्यांवरून मात्र अंदाज बांधू नका; ही मंडळी दिवसा झोपतात आणि दिवेलागणीला कामावर निघतात.) सारंगागारात दुपारीही नुसती लगबग. चोचीत काडी घेऊन येणारा नर, ती घरट्यात खोचणारी मादी, अर्धे पंख उघडून पिल्लांवर सावली धरलेला एखादा बगळा आणि पिल्लांचा अखंड कलकलाट. रंगही विणीचे: गायबगळ्याचं डोकं-मान नारिंगी झालेली, वंचकाची (एरवी तपकिरी दिसणाऱ्या छोट्या बगळ्याची) पाठ गडद तांबूस. विष्ठेचा सडा दोन्हीकडे पडतो, पण फिकट निळसर टरफलं सारंगागाराखालीच सापडतात.

रातथाऱ्याचं झाड तोडलं तर पक्षी शेजारचं झाड गाठतात. वाईटच, पण निभावतं. घरटं असं हलत नाही. अंडी उबवायलाच तीन-चार आठवडे लागतात, पिल्लं उडायला त्याहून जास्त. पावसाच्या तोंडावर शहरभर फांद्यांची छाटणी चालते आणि बगळ्यांची वीणही नेमकी तेव्हाच सुरू होते. आईबाप दहा मिनिटं उडाले तरी कावळ्यांना तेवढं पुरतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही येतं, हे छाटणीवाल्यांना कोणी सांगत नाही.

नदीतलं झाडीचं बेट पक्ष्यांना आवडतं ते भोवतीच्या पाण्यामुळे: मांजर, मुंगूस, कुत्रा आणि माणूस, चौघेही लांब राहतात. कर्नाटकात कावेरीतलं रंगनथिट्टू याचं ठळक उदाहरण. जुन्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही बेटं पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या आग्रहाने १९४० मध्ये अभयारण्य झाली. तिथे पाण्यात मगरीही आहेत, म्हणजे राखणदार फुकटात! तरी पुराने बेटांचे काठ खचतात, म्हणून वाळूच्या पोत्यांनी ते धरून ठेवावे लागतात. आपल्याकडे धोका उलटाही आहे. भराव पडला किंवा पात्र आटलं, की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्र्यांना वाट मिळते.

बेटच हवं असंही नाही म्हणा. पुणे जिल्ह्यातच इंदापुरात चित्रबलाक (करकोच्याची एक जात) भर वस्तीतल्या जुन्या झाडांवर घरटी करतात आणि उजनीच्या पाण्यावर चरतात. सारंगागार पाहायचं तर समोरच्या काठावरून, दुर्बिणीने. ड्रोन तर अजिबातच नको. तो घरट्यांवर आला की सगळा थवा एकदम उठतो.