बदलीचं कार्ड

‘दोन वर्षं बदलीवर काढली, मग कायम झालो’ हे कोकणातल्या प्रत्येक वाडीत कुणीतरी सांगितलेलं असतं. कायम कामगार गैरहजर असेल, तर तेवढ्या पाळीपुरता त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा तो बदली. मुंबईच्या गिरण्यांना तो रोज लागे आणि त्याला बऱ्याच अंशी आपलं पंचांगही कारण होतं. पावसात भातलावणी, मग गणपती, फाल्गुनात शिमगा. त्यात पावसाळ्यात दक्षिणेच्या बंदरांची बोट बंद. लावणीला गावी गेलेला चाकरमानी वेळेवर परतेलच असं नसे.

रिकाम्या साच्यावर कोणाला घ्यायचं, ते जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, ठरवी. त्याला दस्तुरी, म्हणजे कामाच्या बदल्यात चिरीमिरी, द्यावी लागे. १९३५मध्ये गिरणीमालक संघाने पद्धत बांधून घेतली: महिन्याच्या एक तारखेला ठरावीक माणसांना बदलीचं कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गेटवर हजर राहायचं आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची. काम मिळालं तर मजुरी, नाही तर घरी. जॉबरचा वशिला काही एका कार्डाने संपला नाही.

खरा फरक पडला १९५३मध्ये. औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या, म्हणजे मालकाने काम न देता तात्पुरतं घरी बसवण्याच्या, भरपाईचं प्रकरण आलं. बदली त्यातून वगळलेला. पण सलग वर्षाची नोकरी भरली की भरपाईपुरता तो बदली राहत नसे. वर्ष म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम. घोळ इथेच होई. गेटवरून परत फिरलेली सकाळ कामाचा दिवस म्हणून धरली जात नसे, त्यामुळे वर्षभर हजेरी लावूनही आकडा अपुरा पडे.

१९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. मग बदली तरी कोणाच्या जागी?

आता गावचा पोरगा मुंबईत बाइकवर पार्सलं पोचवतो. गणपतीला ॲप बंद करून गावी येतो. तेवढे दिवस कमाई शून्य. ऑर्डरची वाट बघण्याचे पैसे त्यालाही नाहीत. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत (२०२०) अशा ॲपवरच्या, म्हणजे गिग कामगाराचा उल्लेख आहे. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. पण मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेरचा, अशीच त्याची व्याख्या आहे. त्यामुळे ज्याच्या जागी उभं राहून २४० दिवस मोजावेत, असं मस्टरवरचं, म्हणजे हजेरीपटावरचं, नावच इथे नाही.