पेंटबॉलची गन आतून कशी चालते: स्प्रिंगवाली आणि बॅटरीवाली

पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ, म्हटलं की पोरं पहिलं विचारतात, गन किती फास्ट मारते, पण गोळी सुटते कशी हे कोणी विचारत नाही आणि खरी मजा तर तिथंच आहे. अमेरिकेत जंगलातल्या झाडांवर रंगाची खूण करायला वापरायचे ती गन घेऊन 1981 मध्ये पहिला गेम झाला. गोळी म्हणजे 17 मिलिमीटरचा जिलेटिनचा गोळा, वजन 3 ग्रॅमच्या आसपास, आणि स्पीडची नेहमीची मर्यादा सेकंदाला 300 फूट, म्हणजे ताशी जवळपास 330 किलोमीटर.

साध्या मेकॅनिकल गनमध्ये हॅमर असतो, मागं दाबलेली स्प्रिंग, आणि हॅमरला अडकवून धरणारी छोटी खिटी, तिला सिअर म्हणतात. ट्रिगर ओढला की सिअर सुटते, हॅमर धाडकन व्हॉल्व्हवर आदळतो, गॅस बाहेर येतो, त्यातला थोडा पुढं जाऊन गोळी ढकलतो आणि थोडा मागं येऊन हॅमरला परत जागेवर नेऊन बसवतो. बॅटरी नाही, काही नाही, एकाच गॅसवर दोन्ही कामं!

इलेक्ट्रॉनिकमध्ये ट्रिगर म्हणजे नुसता स्विच. आतला सर्किट बोर्ड सोलेनॉइडला, म्हणजे करंट मिळाला की गॅसची वाट उघडणाऱ्या चुंबकी व्हॉल्व्हला, करंट देतो आणि गॅस किती मिलिसेकंद सोडायचा तेही तोच ठरवतो. चादरीवर नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर भोकांच्या पंचकार्डाचं काम इलेक्ट्रॉनिक मागात मॅग्नेट करतात, तसंच हे. शिवाय गोळी बसते तिथं दोन बाजूंना इन्फ्रारेडचे डोळे असतात, गोळी पूर्ण खाली आली की किरण अडतो, मगच फायर. मेकॅनिकलला हे कळतच नाही, अर्धवट आलेली गोळी बोल्ट, म्हणजे गोळी पुढं सारणारा दांडा, चिरडून टाकतो आणि सगळ्या बॅरलमध्ये, म्हणजे गनच्या नळीत, रंग.

आता आपल्या सोलापूरचं ऊन. कार्बन डायऑक्साइड टाकीत लिक्विड असतो, पण 31 डिग्रीच्या वर तो लिक्विड राहूच शकत नाही, प्रेशर भराभर चढतं आणि गोळीचा स्पीडही वाढतो. मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या पुढं, त्यामुळं माझ्या मते इथं रेग्युलेटर (प्रेशर एकसारखं ठेवणारा) लावलेली कॉम्प्रेस्ड हवाच बरी, आणि स्पीड क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा स्पीड मोजणाऱ्या यंत्रावर, दुपारी परत चेक करायचाच. गोळ्याही उन्हात मऊ पडून चिकटतात, त्या सावलीत ठेवा. धुळीनं ते इन्फ्रारेडचे डोळे झाकले तर इलेक्ट्रॉनिक गन अडते, मऊ कापडानं पुसून घ्यायचे. तिचा ट्रिगर फार हलका असतो, नुसतं बोट लागलं तरी गोळी सुटते, म्हणून मैदानाबाहेर बॅरलवर कव्हर आणि आत असेपर्यंत तोंडावर मास्क, घाम आला तरी काढायचा नाही.