कंपाइल झाले म्हणजे पोर्ट झाले असे नव्हे

प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टिमविषयी बोलणे निघाले, की थोड्याच वेळात कोणीतरी ठामपणे सांगते, "एआरएम या प्रोसेसरांच्या कुळासाठी कंपायलर आहे ना? मग सोर्स पुन्हा कंपाइल करायचा, कुठल्याही एआरएम बोर्डावर चालेल." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, आणि त्यावर विसंबून इतक्या जणांनी आपले शनिवार-रविवार घालवलेले पाहिले आहेत (त्यांतला एक मी स्वतः), की एकदाचे हे नीट लिहून काढावे असे वाटले. कंपाइल करणे, म्हणजे सोर्स प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत उतरवणे, हे प्रोसेसरसाठी असते आणि पोर्ट करणे, म्हणजे सिस्टिम एखाद्या यंत्रावर चालती करणे, हे यंत्रासाठी असते. प्रोसेसर म्हणजे यंत्र नव्हे, ही एवढी साधी गोष्ट विसरली गेली की पुढचा सगळा घोळ सुरू होतो.

कंपाइल करण्याचा भाग वाचकाला ठाऊकच असणार, म्हणून तो थोडक्यात उरकतो. बेल लॅब्जमध्ये तयार झालेली आणि १९९२ मध्ये विद्यापीठांना प्रथम दिली गेलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम या बाबतीत अत्यंत सुखाची आहे. केन थॉम्पसन यांनी रचलेल्या कंपायलरांच्या कुटुंबात प्रत्येक प्रोसेसरला एकेक खूण आहे. इंटेलच्या ३८६ साठी आठ, एएमडी ६४ साठी सहा, ३२ बिटांच्या एआरएमसाठी पाच, ६४ बिटांच्या एआरएमसाठी सात. त्यामुळे कंपायलरांची नावे ८सी, ६सी, ५सी, ७सी अशी होतात. यांतला प्रत्येक कंपायलर मुळातच क्रॉस-कंपायलर आहे, म्हणजे एका प्रोसेसरवर चालून दुसऱ्यासाठी प्रोग्राम बनवतो. त्यासाठी वेगळी टूलचेन उतरवून घेणे, पाथ जुळवणे असला उपद्व्याप नसतो. ऑब्जटाइप या चलाला 'एआरएम' ही किंमत द्यायची, एमके हे बांधणीचे साधन चालवायचे, आणि तयार झालेले प्रोग्राम एआरएमच्या बिन डिरेक्टरीत जाऊन पडतात, ३८६ च्या प्रोग्रामांना धक्का न लावता. कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, कंपायलेशन तर चहाला उकळी फुटायच्या आत संपते. ज्यांनी कधी क्रॉस-कंपायलर स्वतः बांधण्यात दोन रात्री घालवल्या आहेत, त्यांना हे पाहून गहिवरून येते, आणि नेमकी त्याच क्षणी त्यांची फसगत होते, कारण अवघड समजलेला भाग इतक्या सहज पार पडल्यावर आता उरले ते किरकोळच असणार, असे त्यांना वाटू लागते.

या गैरसमजाचे मूळ पीसीत आहे. आपण सगळे पीसीवर वाढलो, आणि पीसी हे नुसत्या प्रोसेसरचे नाव नसून १९८१ च्या आयबीएम यंत्रापासून चालत आलेल्या एका अख्ख्या रचनेचे नाव आहे. पहिला सिरियल पोर्ट (तारेवरून एकेक अक्षर पाठवण्याची जोडणी; 'पोर्ट करणे' याच्याशी त्याचा संबंध नाही) हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत, ३एफ८ या पत्त्यावर, कीबोर्डचा कंट्रोलर ६० वर, हे संकेत चाळीस वर्षे टिकले. पुढे आलेल्या पीसीआय बसवर, म्हणजे कार्डे जोडण्याच्या मार्गावर, कर्नलला प्रत्येक कार्डाला 'तू कोण?' असे विचारता येते, आणि उरलेली माहिती यंत्रातच बसवलेले फर्मवेअर देते. म्हणून एकच पेन ड्राइव्ह नाशिकच्या लॅपटॉपवरही चालू होतो आणि सॅन होजेच्या डेस्कटॉपवरही. इथे कंपाइल झालेला कर्नल बहुधा चालतोच, पण तो कंपाइल झाला म्हणून चालत नाही. यंत्र बनवणाऱ्यांनी एकच नकाशा पाळला म्हणून चालतो. एआरएमच्या जगात असा सर्वमान्य नकाशा बराच काळ नव्हता, आणि छोट्या बोर्डांच्या बाबतीत आजही तो गृहीत धरता येत नाही.

आता माझीच फजिती सांगतो. पहिल्या रास्पबेरी पाय या छोट्या एआरएम बोर्डावर माझे प्लॅन नाइन उत्तम चालत होते. मग पाय २ घेतला. पहिल्याचा प्रोसेसर जुन्या धाटणीचा, एआरएम ११ कुळातला. दुसऱ्याचा कॉर्टेक्स ए७, नवा आणि चार कोअरचा, पण जुन्या ३२ बिटांच्या सूचना समजणारा. मी फर्मवेअरच्या फायली नव्या कार्डावरून घेतल्या, कर्नल मात्र माझ्याकडच्या जुन्याच सोर्समधून ५सी वापरून तयार केला आणि कार्ड बोर्डात घातले. पडद्यावर तो इंद्रधनुष्यी चौकोन आला, जो ग्राफिक्स चिपचे फर्मवेअर दाखवते, आणि तिथेच थांबला. मी पुन्हा कंपाइल केले. मग सगळे पुसून तिसऱ्यांदा कंपाइल केले. कंपायलरने तिन्ही वेळा एकही तक्रार केली नाही, कारण तक्रार करण्यासारखे काही नव्हतेच.

घडत होते ते असे. पहिल्या पायमध्ये उपकरणांची रजिस्टरे, म्हणजे कर्नल ज्यांतून उपकरणांशी बोलतो त्या जागा, हेक्समध्ये २००००००० या पत्त्यापासून सुरू होतात, म्हणजे बरोबर ५१२ एमबीच्या खुणेवर, जिथे त्या बोर्डाची मेमरी जास्तीत जास्त पोहोचू शकते. पाय २ मध्ये मेमरी १ जीबी झाली, म्हणून उपकरणे उचलून ३एफ०००००० वर नेली गेली, १००८ एमबीच्या खुणेवर. माझा कर्नल जुन्या पत्त्यावर जाऊन सिरियल पोर्टला 'अक्षर पाठवायला जागा आहे का?' असे विचारत होता. त्या पत्त्यावर आता सिरियल पोर्ट नव्हता, साधी मेमरी होती. त्यामुळे ना चूक दाखवली गेली, ना ट्रॅप (काम थांबवून प्रोसेसरने दिलेला इशारा) आला. होकाराचे बिट कधी उमटणारच नव्हते, आणि कर्नल निमूटपणे त्याची वाट पाहत बसला. शुद्ध मराठीत, सुंदर अक्षरात लिहिलेले पत्र जुन्या बिऱ्हाडाच्या पत्त्यावर टाकावे आणि उत्तर का येत नाही म्हणून व्याकरण पुन्हा पुन्हा तपासावे, तसा माझा तो रविवार गेला.

पोर्ट करणे म्हणजे हे पत्ते बदलणे एवढेच असते, तर मी इतकी शाई खर्च केली नसती. पत्ता हा त्यातला सर्वांत सोपा भाग. पाय २ मध्ये प्रत्येक कोअरसाठी इंटरप्टची, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची, वेगळी व्यवस्था आली. पाय ४ मध्ये तर इंटरप्ट कंट्रोलरच दुसरा आहे. पहिल्या पायच्या बी मॉडेलमध्ये इथरनेटची चिप यूएसबीच्या मागे बसवलेली होती, म्हणजे यूएसबीच्या किचकट कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहून होईपर्यंत नेटवर्क नाही. आणि प्लॅन नाइनचे टर्मिनल तर आपली फाइलसिस्टिम नेटवर्कवरच्या सर्व्हरकडून घेण्यासाठीच जन्माला आलेले. यांतली एकही गोष्ट कंपायलरच्या कानावरही जात नाही.

सर्वांत घातक फरक मात्र डीएमएचा, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वापरण्याचा, आहे, आणि पीसीवरून येणारे ड्रायव्हर लेखक हमखास तिथेच आपटतात. पीसीवर एखाद्या उपकरणाने थेट मेमरीत माहिती लिहिली, तर प्रोसेसरच्या कॅश मेमरीतली (जवळच्या वेगवान साठ्यातली) जुनी प्रत रद्द करण्याचे काम हार्डवेअरच पाहते. पायसारख्या बोर्डावर ते कोणी पाहत नाही. पाठवण्याआधी कॅशमधला मजकूर मेमरीत उतरवणे आणि घेतल्यावर कॅशमधली शिळी प्रत टाकून देणे, ही दोन्ही कामे ड्रायव्हरने न विसरता करायची असतात. भरीस भर म्हणून उपकरणाला तीच मेमरी वेगळ्या पत्त्यावर दिसते: पहिल्या पायमध्ये ४००००००० पासून, पाय २ मध्ये सी००००००० पासून. पीसीचा ड्रायव्हर उचलून आणला तर तो अक्षरशः एकही इशारा न देता कंपाइल होतो, बऱ्याचदा चालतोही, आणि मग शंभरातल्या एखाद्या पॅकेटमध्ये मागच्या पॅकेटचे शेपूट सापडते. अशी चूक शोधायला मी तीन आठवडे घेतले आहेत. म्हणूनच "क्यूईएमयूमध्ये चालले, पोर्ट पूर्ण" असे जाहीर करणाऱ्यांचा मला राग येतो. क्यूईएमयू हा एम्युलेटर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये उभे केलेले यंत्र; तो प्रोसेसरच्या कॅशची नक्कल करत नाही, त्यामुळे चुकांची ही संपूर्ण जातच तिथे अदृश्य राहते. एम्युलेटर कामाचा आहे, सुरुवातीला मीही तोच वापरतो. पण खऱ्या बोर्डाची वीज काढून, पुन्हा लावून, थंड अवस्थेतून कर्नल उभा राहिल्याशिवाय मी त्याला पोर्ट म्हणत नाही.

नावांनीही गोंधळात भर घातली आहे. प्लॅन नाइनच्या कर्नलच्या सोर्समध्ये 'पोर्ट' नावाची एक डिरेक्टरी आहे, आणि नवखा माणूस पोर्ट करायला निघाला की आधी तीच उघडतो. तिथे काहीही करायचे नसते. ते नाव 'पोर्टेबल' या अर्थाने आहे: प्रोसेसचे वेळापत्रक, चॅनेल, रांगा, सगळ्या यंत्रांवर जसाच्या तसा चालणारा भाग. काम असते ते शेजारच्या डिरेक्टऱ्यांत. पीसीसाठी 'पीसी', पायसाठी ब्रॉडकॉमच्या चिपवरून 'बीसीएम'. लक्ष द्या, डिरेक्टऱ्यांची ही नावे यंत्रांच्या कुळांची आहेत. रचनाकारांनी हा फरक तिथेच लिहून ठेवला होता. नव्या यंत्रासाठी चालू होतानाचा असेंब्लीचा तुकडा, मेन, ट्रॅप, एमएमयू (मेमरीचे पत्ते जुळवणारा भाग) आणि क्लॉक या फायली, मेमरीचा नकाशा, आणि मग ड्रायव्हर, असा साधारण क्रम असतो. सिरियल पोर्टवर पहिले अक्षर उमटते, मग एमएमयू चालू केल्यावरही ते उमटत राहते, मग घड्याळाचा पहिला टोला पडतो, आणि त्यानंतर 'पोर्ट' डिरेक्टरीतला सामायिक भाग एकदम जिवंत होतो. या कामात 'पोर्ट' डिरेक्टरीतल्या फायलींमध्ये जो इफडेफ (यंत्र पाहून कोड बदलणारी अट) घुसवतो, त्याचा पॅच मी वाचतही नाही. तिथे हात लावावासा वाटला, तर बहुतेक वेळा आपल्याच डिरेक्टरीत काहीतरी राहून गेलेले असते.

वादाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण "पुन्हा कंपाइल करा" म्हणणारे अर्धे खरे बोलत असतात. आरसी हे शेल, सॅम आणि ॲक्मे हे संपादक, मजकूर हाताळणारी ऑक, अशा वापरकर्त्याच्या प्रोग्रामांपुरते कंपाइल झाले म्हणजे काम झाले, हे प्लॅन नाइनमध्ये जवळजवळ शब्दशः खरे आहे. त्यांना यंत्र दिसतच नाही. कन्सोल ही फाइल, नेटवर्क ही फाइलींची डिरेक्टरी. मात्र त्या फाइलींच्या मागे प्रत्यक्ष बोर्ड उभा करणे हेच पोर्टचे काम. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला पाया दिसत नाही, म्हणून पाया नाहीच असे त्याने सांगत फिरू नये.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. प्रोसेसर एका वेळी ३२ बिट हाताळतो की ६४, हा प्रश्न नीट लिहिलेल्या सीमध्ये फारसा छळत नाही. बाइटक्रमाचा (आकड्यातले बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे याचा) बाऊ तर उगाचच केला जातो. बाहेरून आलेले आकडे एकेक बाइट घेऊन जोडले, तर यंत्राचा क्रम कोणता हे विचारावे लागत नाही. प्रोसेसरच नवा असेल तर आधी कंपायलरच लिहावा लागतो, आणि ते मोठे काम आहे, पण तो तिसराच विषय. त्याला ऑपरेटिंग सिस्टिमचे पोर्ट म्हणणे म्हणजे छापखान्याच्या खिळ्यांना पुस्तक म्हणण्यासारखे आहे.

रिचर्ड मिलर यांनी कंपायलर लिहिणे आणि पोर्ट करणे, ही दोन्ही कामे केली आहेत. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात त्यांनी युनिक्स मूळच्या पीडीपी यंत्रांच्या कुळाबाहेरच्या इंटरडेटा ७/३२ या यंत्रावर नेले. त्या वेळी त्या यंत्रासाठी सीचा कंपायलरही त्यांनाच उभा करावा लागला. पुढे प्लॅन नाइन रास्पबेरी पायवर आणले तेही त्यांनीच. या खेपेला कंपायलर तयार होता, तरीही बोर्डाचे काम होतेच.

ज्यांना अजूनही हा फरक पुस्तकी वाटत असेल, त्यांनी २०२३ मध्ये आलेला पाय ५ पाहावा. त्याचा कॉर्टेक्स ए७६ प्रोसेसर ६४ बिटांच्या त्याच सूचना चालवतो ज्या पाय ४ चालवत होता, आणि ७सीच्या दृष्टीने या दोघांत नवे असे काहीच नाही. पण यूएसबी, इथरनेट आणि जीपीआयओ (बोर्डावरच्या सर्वसाधारण पिना) हे सगळे आता आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमध्ये गेले आहे, आणि ती पीसीआय एक्सप्रेसच्या पलीकडे बसली आहे. म्हणजे तो दुवा जागा केल्याशिवाय कीबोर्डचे एक बटणसुद्धा कर्नलपर्यंत पोहोचणार नाही. पहिले अक्षर मात्र तुलनेने लवकर दिसेल, कारण तीन पिनांचा डीबग सिरियल पोर्ट त्यांनी मुख्य चिपवरच ठेवला आहे.